वूलमनने ते खरेदीखत लिहून दिलं होतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला क्वेकर या ख्रिस्ती पंथावरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. लेखकाचा अभ्यास असेल, भाषाही चांगली आहे. पण 'जॉन वूलमन या तरुणाने गुलाम बाईचं खरेदीखत लिहायला बाणेदारपणे नकार दिला' हे वाक्य साफ चूक आहे. वूलमनने ते खरेदीखत लिहून दिलं होतं.

मी बत्तीस वर्षं तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्तलेखक म्हणून बसलो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र यावर माझा संसार चालला. म्हणून या एका वाक्याचं मला एवढं लागलं. वूलमनची रोजनिशी माझ्या मुलीने संध्याकाळी बसून इंग्रजीतून मराठी करत मला वाचून दाखवली आहे. अठराव्या शतकात, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत माउंट हॉली या गावी तो एका दुकानात वर्षाच्या बोलीवर नोकरीला होता. वय बावीस-तेवीस. मालकाने आपल्याकडची काळी बाई विकली आणि म्हणाला, खत लिही. घेणारा समोर खोळंबलेला. वूलमन लिहितो की मनाला ते पटत नव्हतं, पण आपण पगारी नोकर, सांगणारा मालक, घेणारा आपल्याच क्वेकर समाजातला वयस्कर माणूस, म्हणून दुबळेपणाने मी लिहून दिलं. सह्या होताना मात्र त्याला राहवलं नाही. गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्मात बसत नाही, असं तो त्या दोघांच्या तोंडावर बोलला. तरी त्याचं समाधान झालं नाही. मला यातून मोकळं करा असं स्पष्ट सांगायला हवं होतं, ही रुखरुख त्याने नोंदवून ठेवली आहे. नकार दिला तो पुढच्या वेळी, दुसऱ्या एका तरुणाला.

ही पहिली वेळ लेखकाने का गाळली? वूलमनने स्वतः ती लपवली नाही, मग आपण का लपवायची?

1998 साली माझ्या टेबलासमोर दोन भाऊ आणि त्यांची बहीण आली. वडील वारले होते, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली होती. हक्कसोडपत्र करायचं होतं. बहीण नवी साडी नेसून आली होती, भावांनीच घेतलेली, घडी मोडल्याच्या रेघा तशाच होत्या. मी नेहमीचा मजकूर लिहिला : 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता...' थोरला भाऊ तिच्या खांद्याशी उभा होता. वाचून दाखवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दादा, हे झाल्यावर पंचमीला येऊ ना मी?" प्रश्न भावाला होता की मला, अजून कळलेलं नाही. भाऊ म्हणाला, "येशील की." मी काहीच बोललो नाही. अंगठा उमटवल्यावर पुसायला फडकं सापडेना, तर तिने शाई त्या नव्या साडीच्या पदरालाच पुसली. मी माझी लिखणावळ मोजून घेतली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

वूलमन निदान बोलला. मी तेवढंही बोललो नाही. म्हणून, संपादक महाशय, 'बाणेदारपणे नकार' हे शब्द मला सहन होत नाहीत. पहिल्याच दिवशी नकार देणारा वूलमन माझ्या काही कामाचा नाही. लिहून बसलेला आणि त्या खताने आयुष्यभर पोखरलेला वूलमन मला जवळचा आहे.

पुढे तो दस्त लिहून चांगले पैसे मिळवू शकला असता, अक्षर आणि नाव दोन्ही होतं. एका शेजाऱ्याला जबर मार लागला, तेव्हा वूलमनने जाऊन त्याचं रक्त काढलं, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. मग तो शेजारी म्हणाला, मृत्युपत्रही लिही. कोणत्या मुलाला काय, यात एका मुलाच्या वाट्याला गुलाम मुलगी होती. वूलमनने सगळं लिहिलं, तेवढं कलम सोडलं. खाटेजवळ जाऊन वाचून दाखवलं आणि सांगितलं की हे कलम माझ्या हातून होणार नाही, आणि लिहिल्याचे मी पैसेही घेत नाही. दोघं बराच वेळ बोलले. शेवटी त्या दुखणाईताने मुलीला मोकळं करायचं कबूल केलं, तेव्हा मृत्युपत्र पुरं झालं. या धंद्यातल्या माणसाला कळेल हे किती अवघड आहे. गिऱ्हाईक वेदनेने तळमळतंय, घरचे भोवती उभे, आणि आपण म्हणायचं की हे एक कलम सोडून बोला.

लेखातलं दुसरं विधान, 'क्वेकर मुळातच गुलामगिरीच्या विरोधात होते', हेही तसंच घाईचं. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनकडेच गुलाम होते. 1688 साली तिथल्याच जर्मनटाउनच्या चार जणांनी क्वेकरांच्या सभेकडे अर्ज केला की माणसांना गुरांसारखं वागवता, हे तुमच्या बाबतीत झालं तर चालेल का? मासिक सभेने म्हटलं, विषय फार वजनदार, त्रैमासिक सभेकडे पाठवा. तिथून वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेने बाजूला ठेवला. कचेरीत आयुष्य गेल्याने हा प्रवास मला चांगला ओळखीचा आहे. गुलाम बाळगणाऱ्याला समाजात जागा नाही, असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं 1776 साली. मधे 88 वर्षं गेली!

आणि गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला क्वेकर बेंजामिन ले. लेखात त्याचं चित्र छापलंत, पोकळ केलेल्या पुस्तकात रक्ताची खूण म्हणून फळांचा लाल रस भरून 1738 च्या बर्लिंग्टनच्या क्वेकर सभेत त्याने ते तलवारीने भोसकलं, ही हकिकत रंगवून सांगितलीत. पण त्याच क्वेकरांनी त्याला समाजाबाहेर काढलं, हे एका शब्दानेही नाही. जेमतेम चार फुटांचा, पाठीला कुबड असलेला माणूस, गुहेत राहायचा, स्वतः सूत कातून कपडे करायचा. गुलामांच्या श्रमातून आलेली वस्तू घरात येऊ देत नसे. त्याच्या नावाचा दगड अ‍ॅबिंग्टनच्या दफनभूमीत 2018 साली बसला.

लेखाच्या शेवटी जोतीरावांच्या 'गुलामगिरी'च्या 1873 च्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आहे, तो योग्यच. मात्र ती अर्पण आहे युनायटेड स्टेट्समधल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. 'क्वेकरांना' असं तिथे नाही. तेवढं दुरुस्त करावं.

आणखी एक. हा लेख करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक अक्षरात छापला आहे. माझ्या वयाच्या वाचकाला तो उन्हात धरून वाचावा लागला. ही तक्रार मी पूर्वीही कळवली होती.

दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. पत्र लांबलं आहे, कापावं लागेल हे समजतं. बेंजामिन लेचा भाग कमी करा, हक्कसोडपत्राचा करू नका. नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये. ती बहीण अजून त्याच तालुक्यात आहे.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक