तारण गमावल्याचा निवाडा मंडळीने देऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती विश्वासणारा एकदा मिळालेले तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, गमावू शकतो का, या प्रश्नावर आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात सध्या दोन्ही बाजूंनी पवित्र शास्त्रातील वचने मांडली जात आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मेंढरांविषयी सांगतो की, त्यांचा कधीही नाश होणार नाही आणि त्याच्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. याउलट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, ज्यांना एकदा प्रकाश मिळाला ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे लिहिले आहे. एका वचनाच्या जोरावर दुसरे खोडून काढण्यापूर्वी, हा प्रश्न जेव्हा पुस्तकातला न राहता समोर उभ्या असलेल्या माणसांविषयीचा झाला तेव्हा मंडळीने, म्हणजे चर्चने, काय केले, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा, अशी सक्ती केली. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये असंख्य ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी अर्पण केले, तर काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत मंडळीच्या दाराशी परत आले. ‘जो कोणी माणसांसमोर मला नाकारील, त्याला मीही पित्यासमोर नाकारीन’ या आशयाचे प्रभूचे शब्द सर्वांना ठाऊक होते आणि ज्यांची मुले किंवा भाऊ तुरुंगात मेले होते, त्यांच्या मनात या लोकांविषयी राग असणे स्वाभाविक होते. रोममध्ये नोव्हेशियनने भूमिका घेतली की, अशांना पुन्हा सहभागितेत, म्हणजे मंडळीच्या प्रभुभोजनात, घेण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मात्र २५१ च्या परिषदेत वेगळा मार्ग धरला. ज्यांनी केवळ दाखला घेतला होता त्यांना प्रत्येकाची परिस्थिती तपासून परत घ्यावे आणि ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला होता त्यांनी प्रायश्चित्त करत राहावे, पण मृत्युशय्येवर त्यांना सहभागिता नाकारू नये, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच, पश्चात्ताप करत राहिलेल्या सर्वांनाच परत घेण्यात आले. स्वतः सिप्रियन २५८ मध्ये हुतात्मा झाला. त्यामुळे त्याची ही सौम्यता भित्रेपणातून आली होती, असे म्हणता येणार नाही.

या निर्णयात पाप लहान मानलेले नाही, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. जे घडले ते पतनच होते, हे सिप्रियनने वारंवार सांगितले. त्याने नाकारले ते एवढेच, की जो अजून जिवंत आहे आणि परत येऊ पाहतो आहे त्याच्या बाबतीत शेवटचा शब्द आपण उच्चारावा.

पुढील शतकांत सिद्धांत अधिक काटेकोर झाले. कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये सांगितले की, गंभीर पापाने कृपा गमावली जाते आणि प्रायश्चित्ताच्या संस्काराने ती पुन्हा मिळते. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या परंपरेने १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधील डॉर्टच्या सभेत ठरवले की, देवाने निवडलेले शेवटपर्यंत राखले जातात. आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या ज्या अनुयायांविरुद्ध ही सभा भरली होती, त्यांनी १६१० च्या आपल्या निवेदनात, खरा विश्वासणारा कृपेपासून पूर्णपणे ढळू शकतो का, हे पवित्र शास्त्रातून अजून तपासावे लागेल, असे प्रांजळपणे म्हटले होते. डॉर्टच्या निर्णयांतही दावीद आणि पेत्र यांच्या घोर पतनाचा उल्लेख आहे आणि देव आपल्या लोकांना राखतो तो सुवार्तेतील अभिवचनांप्रमाणेच तिच्यातील इशाऱ्यांच्याही द्वारे राखतो, असे स्पष्ट लिहिले आहे. ‘एकदा तारण झाले, आता कसेही वागा’ असे सांगणाऱ्यांनी डॉर्टचा आधार घेऊ नये.

माझे स्वतःचे मत डॉर्टच्या बाजूचे आहे, पण त्याचे कारण विश्वासणाऱ्याच्या बळात नाही. शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे प्रभूला आधीच माहीत होते आणि तरीही त्याचा विश्वास खचू नये म्हणून त्याने प्रार्थना केली होती, असे लूक लिहितो. पेत्राचे धैर्य त्या रात्री पूर्ण संपले. प्रार्थना संपली नाही. तारण टिकते ते या मध्यस्थीमुळे, अशी माझी श्रद्धा आहे. वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेतील माझ्या बांधवांना हे मान्य नाही, तरी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेव्हा प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या परंपरेतील) आणि मेथडिस्ट वारसा सांगणारे एकाच मंडळीत आले. ज्या प्रेषितीय आणि नायसीन मतांगीकारांवर (श्रद्धेच्या प्राचीन कबुलीजबाबांवर) ते एकत्र उभे राहिले, त्यांत पापांच्या क्षमेवरील विश्वास आहे, पण या वादावर एक शब्दही नाही.

म्हणूनच, ज्या उपदेशांतून मद्याच्या आहारी गेलेल्या तरुणाला, घटस्फोटित स्त्रीला किंवा नैराश्याने प्रार्थना सुटलेल्या वृद्धाला ‘तुझे तारण गेले’ असे ऐकवले जाते, त्यांना माझा तीव्र विरोध आहे. ज्याला आपण देवापासून दुरावलो याचे दुःख होते, त्याच्या अंतःकरणात पवित्र आत्म्याचे काम थांबलेले नाही. इब्रीचा सहावा अध्याय जरूर वाचावा, त्यातील इशारा सौम्य करू नये; पण पाळकांनी तो सहाव्या ओवीवर थांबवू नये. नवव्या ओवीत तोच लेखक त्याच वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणून हाक मारतो आणि आपण असे बोलत असलो तरी तुमच्याविषयी याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची आपल्याला खातरी आहे, असे सांगतो.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, पुणे