गाठ गेली, घास अडतो

महोदय,

तोंडाच्या-घशाच्या कर्करोगाची तपासणी शिबिरे, मावा-तंबाखूविरोधी फेऱ्या यांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर नेहमी असतात. त्या याव्यातच. पण उपचार संपवून घरी आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे क्वचितच वाचायला मिळते. मी त्यांपैकीच एक. नवी पेठेतल्या कापड दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात माझा जन्म गेला. स्वरयंत्राच्या कर्करोगावर शेक (रेडिएशन) दिला, गाठ गेली. आता घास घशाशी अडतो आणि आवाज काउंटरपलीकडे पोचत नाही.

शेकामुळे लाळ आटते, घशाचे स्नायू ताठरतात. त्यात आपले सोलापूरचे जेवण! कडक भाकरी नि शेंगाचटणी. चटणीचा कोरडा भुगा घसाभर चिकटून बसतो. नातेवाईक मायेने म्हणतात, ‘आमटीत कुस्करून खा की.’ तेच सर्वांत अवघड. आमटीचे पाणी आधी घसरते, भाकरीचा तुकडा मागे राहतो आणि ठसका लागतो. साधे पाणीसुद्धा घसा सावरायच्या आत श्वासनलिकेत शिरते. त्यापेक्षा दाटसर आंबील, गुठळ्या मोडलेले हुलग्याचे माडगे मला बरे जाते. ठसका लागला तर निदान कळते तरी. काहींना तो लागतच नाही. अन्न फुप्फुसात उतरत राहते आणि न्यूमोनिया झाल्यावर उलगडा होतो. वरचेवर ताप, उतरणारे वजन, जेवताना ओलसर होणारा आवाज यांना घरच्यांनी ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये.

यावर उपाय आहेत. गिळण्याचे व्यायाम असतात, हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्यासारख्या युक्त्याही असतात. मात्र कोणाला काय लागू पडेल ते तपासूनच ठरते. हे काम स्पीच थेरपिस्टचे, पण ते फक्त तोतऱ्या मुलांसाठी असतात असाच आमच्या घरी समज होता. व्यायाम शेक सुरू होण्याआधीपासून करायचे असतात. मला त्यांचा पत्ता लागला तो अन्न देण्याची नाकातली नळी निघाल्यावर, तोही रांगेत भेटलेल्या एका रुग्णाच्या मुलीकडून. शेकाच्या खोलीपासून डिस्चार्जच्या कागदापर्यंत कोणी अवाक्षर काढले नव्हते. घसा पुढे काही वर्षांनीही आखडू शकतो, हेही तिनेच सांगितले.

आवाजाचे थोडक्यात सांगतो. शिक्षक वापरतात तसला कमरेचा छोटा स्पीकर मी घेतला आहे. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत लोक वळून बघतात, बघोत. ज्यांचे स्वरयंत्रच काढले, त्यांच्यासाठी बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी सुमारे 50 रुपयांत बसेल असे कृत्रिम स्वरसाधन तयार केले. परदेशी साधनाला हजारो रुपये पडतात. अशा रुग्णाचा श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो. तो रस्त्यात कोसळला तर कृत्रिम श्वास तिथूनच द्यावा लागतो, तोंडातून नाही. हे रिक्षावाल्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना ठाऊक हवे.

शेकाच्या तारखा लिहून देतात त्याच कागदावर स्पीच थेरपिस्टची तारीखही लिहावी, एवढे रुग्णालयांनी करावे. आणि सोलापुरात, बार्शीत असे थेरपिस्ट कुठे, कोणत्या वारी बसतात ते आपण छापावे. ते कात्रण मी आमच्या औषधाच्या दुकानात लावून घेईन.

— एक वाचक, जुळे सोलापूर