श्री पद्धतीआधी दोन गुंठे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, येळ्ळूरच्या आपल्या दोन्ही एकरांत यंदा श्री पद्धतीने भाताच्या रोपांची नट्टी लावायची, असे तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा तुमची उमेद पाहून मी गप्प राहिले. परंतु लिहिल्यावाचून राहवत नाही. पद्धत चांगलीच आहे. ८ ते १२ दिवसांचे कोवळे रोप, एका जागी एकच, दोन्हीकडून २५ सेंटिमीटर अंतर आणि पाणी न तुंबवता राखलेली ओल, ही रीत मादागास्करमध्ये १९८० च्या दशकात बसवली गेली. मात्र आपल्या खालच्या वाफ्यातले पाणी जुलैत काढू म्हटले तरी उतरत नाही, आणि तिथे बोटभर रोप तगेल का, हे आपल्याच शिवारात पाहावे लागेल.

म्हणून यंदा ऐंशी गुंठ्यांपैकी दोनच गुंठे द्या. या पद्धतीत एकरी २ किलो बियाणे लागते, म्हणजे दोन गुंठ्यांना अवघे १०० ग्रॅम. ते वाया गेले तरी घर हलणार नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या हट्टापायी सगळ्या रानात नवे वाण लावले, सुगीच्या तोंडावर पावसाने ते आडवे पडले आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या, हे मी विसरलेले नाही.

ते दोन गुंठे मात्र एकाच जागी नकोत. अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे चार तुकडे करावेत, दोन वर आणि दोन खालच्या वाफ्यात, आणि प्रत्येकाला लागून तेवढ्याच मापात आपली नेहमीची लावण असावी. नवी लावण कुठे आणि जुनी कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर हात आपोआप चांगल्या मातीकडे जातो. इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांना हीच शिस्त लावली.

लहान तुकडा फसवतोही, बाबा. तुम्ही त्याची भांगलण लेकरासारखी कराल, पण तेवढी मेहनत दोन एकरांना पुरवता येणार नाही; म्हणून भांगलणीला किती बायका किती वेळ लागल्या, ते वहीत लिहाच. शिवाय तो तुकडा शेजारच्या भाताच्या आधी पिकला, तर सगळ्या पाखरांची धाड त्याच्यावर पडेल आणि दोष पद्धतीच्या माथी जाईल. मळणीनंतर प्रत्येक तुकड्याचे भात आणि पिंजर वेगवेगळे तोलावे.

आई, दरवर्षी तू शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतेस, आणि त्यानंतरच बाबा तरवा टाकतात. या १०० ग्रॅम बियाण्याचीही तशीच परीक्षा घे आणि ते वेगळ्या पिशवीत बांधून ठेव. चिठ्ठ्या टाकायला आणि तुकड्यांना दोरी लावायला मी दोन दिवसांची रजा काढून येते. तरवा कधी टाकणार, तेवढे कळवा.

तुमची,
लेक