'बर्च' संस्कृतातून उचललेला नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत छापून आलं की इंग्रजीतलं 'बर्च' हे झाडाचं नाव संस्कृत 'भूर्ज' वरून उचललं, व्हॉट्सॲपवर पण हेच फिरायलंय, म्हणून हे पत्र. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले हे शंभर टक्के खरं, पण इंग्रजांनी आपल्याकडून घेतला हे साफ चूक आहे, दोन्ही शब्द संस्कृतच्याही आधीच्या एका भाषेतून आपापल्या वाटेनं आलेत.

पुरावा उच्चारातच आहे. संस्कृतातल्या भ च्या जागी इंग्रजी-जर्मनमधे ब येतो, भ्रातृ आणि ब्रदर बघा. ज असला की बऱ्याचदा तिकडं क मिळतो, जन म्हणजे 'किन' (नातलग), आणि जानु म्हणजे गुडघा, त्याचं इंग्रजी 'नी', त्यात के बोलत नाहीत पण स्पेलिंगमधे अजून लिहितेत! तसंच भूर्जचं जर्मनमधे 'बिर्के', आणि इंग्रजीत त्या क चा पुढं च झाला. स्कॉटलंडकडं अजून 'बर्क' म्हणतेत. भ-ब, ज-क असा हा नियम जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमनं १८२२ मधे मांडलाय. शब्द नंतर उसना घेतला असता तर ज चा क झालाच नसता. रशियनमधे पण तेच झाड 'बेर्योझा' आहे, मग ते पण आपल्याकडूनच का?

आपल्याकडं पिंपळगाव, बोरगाव, पळसखेडा तसं तिकडं 'बर्कली', म्हणजे बर्चच्या झाडांतली मोकळी जागा, इंग्लंडमधलं जुनं गाव आहे. त्यांच्या जुन्या रून लिपीत ब या अक्षराचं नावच 'बेओर्क', म्हणजे बर्च. आणि बर्चच्या फोकांनी मारायचं त्याला पण 'बर्च' च म्हणायचे.

हे झाड मराठवाड्यात कुठंच नाही, ते हिमालयात उंचावर. आपल्याला दिसतं ते पूजेच्या दुकानातलं भूर्जपत्र, फिकट साल, तिच्यावर बारीक आडव्या रेघा, नखानं सोललं तर पापुद्रा सुटतो. असल्याच सालीवर लिहिलेली बख्शाली पोथी १८८१ मधे सापडली, तिच्यात गणितं आहेत. खरी अभिमानाची गोष्ट ही आहे, त्यासाठी खोटी व्युत्पत्ती कशाला पाहिजे?

स्पर्धा परीक्षेची पोरं तुमच्या पुरवणीची कात्रणं काढून ठेवतेत, तर येत्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापा, आणि बारीक अक्षरात कोपऱ्यात नको, जिथं लेख आला होता तिथंच.

तुमचा रोजचा वाचक,
सेलू, जि. परभणी