मंत्रीसाहेब, ढेकणाची तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

साहेब, नमस्कार.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. पुण्यात सदाशिव पेठेत तीन वर्षं कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी केली, आता एका खाजगी कंपनीत नोकरीला आहे. माझा धाकटा भाऊ या जूनमध्ये पुण्यात यायचाय, त्याच्यासाठी मागच्या रविवारी रूम बघत फिरत होते. पहिल्याच रूममध्ये कॉटवरची गादी उचलली, शिवणीपाशी मोबाईलचा टॉर्च मारला तर काळ्या ठिपक्यांची रांग. रूम दाखवणारे काका म्हणाले, "पोरं झोपून लिहितात ना ताई, शाईचे डाग आहेत." मी बोट ओलं करून एक ठिपका पुसला, तो लालसर तपकिरी होऊन पसरला. ती शाई नव्हती, ढेकणाची विष्ठा होती, म्हणजे माणसाचं पचलेलं रक्त. खाली उतरले आणि तिथंच ठरवलं की आता तुम्हाला लिहायचंच.

कॉट बेसिस म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. एका खोलीत चार कॉट, कधी सहा, कॉट मालकाचा, गादी आधीच्या मुलीची, तिच्या आधी अजून कुणाची, आणि प्लायवूडच्या फळ्या किती वर्षांच्या ते कुणालाच माहीत नाही. मी गेले तेव्हा पहिल्या महिन्यात हातावर, मानेवर गांध्या उठायला लागल्या, तीन-चार एका ओळीत. मला वाटलं डास. कॉइल लावली, काही फरक नाही. डॉक्टरकडे गेले तर खरजेचं मलम मिळालं, ते पंधरा दिवस चोळलं. चौघींपैकी एकीच्या अंगावर काहीच उठत नव्हतं त्यामुळे ती म्हणायची तुमचीच स्किन सेन्सिटिव्ह आहे. पुढे वाचल्यावर कळलं की चावतात सगळ्यांनाच, पण काहींच्या अंगावर खूण उठतच नाही, म्हणून नुसत्या गांध्या बघून ढेकूण आहेत की नाही हे ठरवता येत नाही, तो डोळ्यांनी शोधावा लागतो.

आणि शोधायचा कसा हे आम्हाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. एका रात्री अडीचच्या सुमाराला खाज सुटून उठले, लाईट न लावता टॉर्च मारला. उशीच्या कडेला एक होता, मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तपकिरी. त्याच्या बाजूला दुसरा, रक्त पिऊन फुगलेला, लांबट आणि गडद लाल. मी गादी उचलली, मग फळी उचलली, फळी आणि लोखंडी अँगलच्या मधल्या फटीत खसखशीएवढी पांढरी अंडी चिकटलेली, पिवळट कातीचे पापुद्रे, आणि तिळाहून लहान, जवळजवळ पारदर्शक अशी पिल्लं. स्क्रूच्या खाचेत सुद्धा. कोथिंबीर सडल्यावर येतो तसा वास. त्या रात्री चौघी गॅलरीत सतरंजी टाकून बसून राहिलो, दुसऱ्या दिवशी टेस्ट सिरीजचा पेपर होता.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं. आमच्या खोलीत नंदुरबारकडची एक मुलगी होती, सगळ्यात शेवटी आलेली, जेमतेम वीस दिवस झाले होते. बाकीच्या खोल्यांमधल्या मुली म्हणायला लागल्या की हिच्याच सामानातून आले. मी काही बोलले नाही, आणि गप्प बसणं म्हणजे मान्य करण्यासारखंच असतं. ती आठवड्यात रूम सोडून गेली. आता मला माहीत आहे की अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला आठ-दहा दिवस, मग पाच वेळा कात टाकायची, प्रत्येक वेळी आधी रक्त प्यायचं, असं करत पूर्ण वाढ व्हायला उबदार हवेत सुद्धा पाच-सहा आठवडे जातात. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते. त्या फळीवर जेवढे डाग आणि जेवढ्या काती होत्या त्या वीस दिवसांत होऊच शकत नाहीत, ते कित्येक महिन्यांचं काम होतं. तिला नंतर फोन करून माफी मागितली, ती म्हणाली "जाऊ दे गं", पण तिचं वर्ष वाया गेलं ते गेलंच.

साहेब, ढेकूण म्हटलं की लोक लगेच अस्वच्छता म्हणतात, तिथंच सगळं बिघडतं. ढेकणाला घाण लागत नाही, त्याला माणूस लागतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि फटीत परत जातो. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, तो बॅगेतून, गादीतून, सेकंडहँड फर्निचरमधून आणि भिंतीतल्या वायरिंगच्या पाईपमधून फिरतो. चकचकीत हॉटेलात सुद्धा असतो. पण लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून शेजारच्या खोलीत जातो. मी स्वतः दिवाळीला बॅगेतून गावी घेऊन गेले. आईला सांगायची हिंमत झाली नाही, संक्रांतीला तिचा फोन आला की आजीच्या हातची वाकळ परसात नेऊन जाळली. आजी २०१६ ला गेली, ती वाकळ तिच्या जुन्या लुगड्यांची होती. मी आधी बोलले असते तर उकळत्या पाण्यात टाकून वाचली असती, इतकं साधं होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये डासांसाठी पाण्याच्या टाक्या, कुंड्या, फ्रीजमागचे ट्रे तपासायला एक दादा यायचे, चांगले होते स्वभावाने. त्यांना विचारलं ढेकणाचं काही करता का, तर म्हणाले आमच्याकडे डेंग्यू-मलेरियाचं काम आहे ताई, ढेकूण त्यात येत नाही. मला त्यांचं म्हणणं कळतं. ढेकूण रोग पसरवतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, म्हणून रोगवाहक कीटकांच्या यादीत तो बसत नाही. पण रात्र-रात्र झोप नाही, खाजवून जखमा होतात, त्यात पू होतो, फार जास्त झाले तर लहान मुलांच्या अंगातलं रक्त कमी झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात, हा आरोग्याचाच विषय आहे की नाही? आणि कीटकनाशक औषध विकण्याचा परवाना कृषी खात्याकडे, वसतिगृहं समाजकल्याण आणि आदिवासी विकासकडे, खोलीचं भाडं मालकाकडे, मग ढेकणाचा धनी कोण?

कुणीच नाही म्हणून लोक स्वतःच विष आणतात, आणि माझी खरी भीती ती आहे. आमच्या मालकांनी एक माणूस पाठवला होता, त्याच्याकडे पाण्याच्या बाटलीत भरलेलं औषध, लेबल नाही, नाव विचारलं तर "ढेकणाचं आहे, स्ट्राँग आहे" एवढंच. फवारलं आणि म्हणाला दोन तासांनी झोपा. एक मैत्रीण रात्रभर उलट्या करत होती. ते काय होतं हे मला आजही माहीत नाही. डायक्लोरव्हॉस हे औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी "जुनं ते भारी होतं" म्हणून लोक अजून त्याच्याच मागे असतात. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. कायद्याने त्या गोळ्या फक्त सरकारी यंत्रणेने किंवा मान्यता असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत. चेन्नईत नोव्हेंबर २०२४ मध्ये घरात उंदरांसाठी ठेवलेल्या विषामुळे दोन लहान भावंडं झोपेत गेली, आईबाप अत्यवस्थ. ढेकणाने माणूस मरत नाही हो साहेब, ढेकूण मारताना मरतो.

शिवाय नुसत्या फवाऱ्याने तो जात पण नाही. डीडीटी आलं तेव्हा वाटलं होतं संपला ढेकूण, पण १९४७ मध्येच हवाईत पर्ल हार्बरला डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले. आज घराघरातल्या डासांच्या स्प्रेमध्ये असतात त्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचं पण तेच झालंय, आणि अंड्यांवर तर बहुतेक औषधांचा परिणामच होत नाही. वर एका खोलीत फवारलं की जिवंत राहिलेले शेजारच्या खोलीत पळतात, मग तिकडे फवारा, मग ते इकडे. रूम महिनाभर बंद ठेवली तरी उपाशी जिवंत राहतात, थंड हवेत तर महिनोन्महिने.

आमच्याकडे शेवटी जे लागू पडलं ते विनाविषाचं होतं. मे महिना होता, मजल्यावरच्या पाचही खोल्यांनी एकाच दिवशी करायचं असं ठरवलं, कारण एक खोली जरी राहिली तरी सगळं पाण्यात. ढेकूण आणि त्याची अंडी साधारण पन्नास अंशाच्या वर टिकत नाहीत, एवढंच सूत्र धरलं. चादरी, अभ्रे, कपडे उकळत्या पाण्यात. कॉट पूर्ण खोलून प्रत्येक फटीवर, स्क्रूवर, अँगलवर कपड्यांच्या स्टीमरने वाफ, अगदी सावकाश, बोटभर जागेला पाच-सहा सेकंद. पुस्तकांच्या बायंडिंगमध्ये पण सापडले, ती पुस्तकं झिपच्या पिशवीत घालून एका ओळखीच्या काकांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवली. गाद्या उन्हात टाकल्या की ढेकूण मरतात असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण जाड गादीच्या आत तेवढी उष्णता पोचत नाही, ते खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून तीन गाद्या टाकूनच द्याव्या लागल्या, आणि टाकताना फाडून टाकल्या म्हणजे कुणी उचलून नेऊ नये. भिंतीच्या चिरा पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, कॉट भिंतीपासून वीतभर लांब, चारी पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही. मग दर रविवारी पुन्हा तपासणी, सात रविवार. दुसऱ्या रविवारी परत पिल्लं दिसली तेव्हा एक मुलगी रडायला लागली, मी तिला म्हटलं ही राहिलेल्या अंड्यांतली आहेत, हे व्हायचंच होतं, सोडायचं नाही. सातव्या रविवारी काही नव्हतं.

हे पाच खोल्यांच्या मुलींनी अभ्यास सोडून केलं. सरकारने करायचं म्हटलं तर किती सोपं आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या कीटक विभागाच्या कामात ढेकूण लिहून टाका, बाकी काही नाही तरी फोन केल्यावर कुणीतरी येऊन बघेल आणि हे करा, ते करू नका असं सांगेल एवढं तरी. फ्रान्समध्ये २०२० सालीच सरकारने ढेकणासाठी फोन नंबर सुरू केला होता, आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने सांगितलं की पाच वर्षांत दर शंभर घरांमागे अकरा घरांत ढेकूण निघाले, आकडा काढला म्हणून कळलं तरी. आपल्याकडे मोजलंय कुणी? न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून नवीन भाडेकरूला घरमालकाने लेखी द्यावं लागतं की गेल्या वर्षात इथे ढेकूण झाले होते का. आपल्या भाडेकरारात, हॉस्टेलच्या पावतीवर अशी एक ओळ टाकायला काय लागतं? आणि झाले तर खर्च मालकाचा, उपाय पूर्ण मजल्याला एकदम, मुलींकडून दोनशे-दोनशे गोळा करून एका खोलीत फवारणी असलं नाही.

सरकारी वसतिगृहं, आश्रमशाळा आणि हॉस्पिटलचे वॉर्ड इथे शाळा उघडायच्या आधी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर अशी वर्षातून दोनदा कॉट उघडून तपासणी व्हावी, प्रत्येक तालुक्याला दोन-तीन वाफेची मशीन द्या, ती वसतिगृहांनी आळीपाळीने वापरावीत. नवीन कॉट घ्याल तेव्हा प्लायवूडचे नको, कमी सांध्यांचे साधे लोखंडी घ्या. कृषीमंत्र्यांशी बोलून लेबल नसलेल्या बाटल्यांची विक्री बंद करा, आणि फवारायला येणाऱ्या प्रत्येकाने परवाना नंबर आणि औषधाचं नाव कागदावर लिहून दिल्याशिवाय पंप उघडायचा नाही असा नियम लोकांपर्यंत पोचवा. डेंग्यूचे पोस्टर लागतात तसं एक पोस्टर ढेकणाचं पण लावा, त्यावर अंडं, पिल्लू, मोठा ढेकूण आणि गादीवरचे डाग असे चार फोटो, आणि मोठ्या अक्षरात एवढंच की हे कुणामुळेही होऊ शकतं, लगेच सांगा.

भावासाठी रूम मिळाली, चौथी बघितली ती. तिथल्या मावशींनी मी गादी उचलायच्या आधी स्वतःच सांगितलं की मार्चमध्ये झाले होते, सगळ्या खोल्या एकदम करून घेतल्या, तुम्ही बघून घ्या. मी अर्धा तास बघितलं, काही नव्हतं, ॲडव्हान्स दिला. १५ जूनला तो बॅग घेऊन येतोय. त्याच आठवड्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कितीतरी मुलं-मुली जुन्या गाद्यांवर पहिली रात्र काढतील, त्यांच्यासाठी निदान ते पोस्टर आणि तो फोन नंबर तेवढा तोपर्यंत करा. उत्तराची वाट बघते.

आपली,
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेली एक मुलगी