फोनवर भांडण होतं, म्हणून पत्र

सांगली, १४ जून

चि. मुक्ता,

काल फोन मी आपटला, ते चुकलंच. म्युझिकलच्या त्या दहा महिन्यांच्या कोर्सला तुझी निवड झाल्याचं ऐकून आनंद झाला होता, पण तोंडातून आधी फीच निघाली. बँकेत अठरा वर्षं काढली की असं होतं. पत्रात निदान तुला मधेच "आई, तुला नाही कळत" म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबांचं "आधी बी.कॉम. कर, मग काय नाचायचं ते नाच" मलाही पटत नाही. मन नसताना केलेली बी.कॉम. कशी दिसते, ते मी रोज काउंटरच्या दोन्ही बाजूंना बघते. पण दहा महिन्यांत गाणं, अभिनय, नाच तिन्ही तयार, हेही माझ्या गळी उतरत नाही. पैशांमुळे नाही गं. गळ्यामुळेच.

तुला हे अर्धवटच माहीत आहे. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या हौशी मंडळींनी स्पर्धेसाठी 'संगीत शारदा' बसवायला घेतलं. आपल्या हरिपूरच्या देवलांचं, १८९९चं नाटक, आणि शारदा मी. दिग्दर्शकांना पदं चढी हवी होती. माझी पट्टी पेटीवरची काळी चार, ती त्यांनी काळी पाच करायला लावली, म्हणजे अख्खा एक स्वर वर. मला 'नाही' म्हणता आलं नाही. एवढी मोठी भूमिका मिळाली होती. सहा आठवडे दिवसा कॉलेज, रात्री तीन-तीन तास तालीम. घसा बसायचा, आजी ज्येष्ठमध द्यायची, मी परत गायची. प्रयोगाच्या आदल्या रात्री वरचा सा लावला आणि नुसती हवा आली. ऑर्गनवाले काका थांबले, त्यांना वाटलं मी ओळ विसरले.

डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, दीड महिना बोलायचंसुद्धा नाही. मी पाटीवर लिहून भाजी मागायची. आवाज आला परत, पण वरची जागा कायमची गेली. शारदा दुसरीनं केली. चांगली केली, मी विंगेतून बघितली.

म्हणून तुझ्या त्या कोर्सवाल्यांना एवढंच विचार, की गळ्याची तयारी कोण करून घेणार, बॅचमध्ये किती जण, आणि शिक्षकांपुढे एकटीनं उभं राहायला आठवड्यातून किती वेळ मिळणार. रोज आठ तासांचं वेळापत्रक त्यांनी छापलंय, आरशांच्या खोलीचे फोटोही झकास आहेत. हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. अठराव्या वर्षीचा गळा अजून कच्चा असतो, आणि पडला तर फी परत मिळून उपयोग नाही.

आता तुझ्या बाजूचं. "संगीत नाटक आणि म्युझिकल एक नाही" म्हणालीस, ते बरोबर आहे. आपण सांगलीकर विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या 'सीता स्वयंवर'चं कौतुक सांगत असतो, पण त्या नाटकात पात्रांची पदं सूत्रधार गायचा. पात्रं स्वतः गायला लागली ती १८८०ला, किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'मध्ये. मधे ३७ वर्षं गेली! आणि गायला लागली तीही उभी राहून. पद आलं की गोष्ट थांबायची, पेटी-तबला पुढे व्हायचा, वन्समोअर आला की परत तेच. आम्ही हेच शिकलो, हातवारेसुद्धा जपून. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर म्युझिकलचे आठवड्याला आठ प्रयोग करतात म्हणे. उड्या मारत गायचं, आणि आठव्या प्रयोगालाही सूर तिथेच लागायला हवा. हे मला कुठल्याही गुरुजींनी शिकवलं नाही आणि पदवीच्या वर्गातही फारसं मिळणार नाही. ते तुझ्या कोर्समध्ये मिळेल, हे मला मान्य आहे.

पण ते आधी की नंतर, एवढाच माझा प्रश्न आहे. पुण्याला आत्याकडे आहेसच, तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची चौकशी कर. तिथे नाटकातच बी.ए. होतं, आणि संगीताचे वर्गही तिथेच. तीन वर्षं गळा शांतपणे तयार होईल. एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धाही कॉलेजच्या मुलांचीच. शिवाय अकरावीत दिल्लीच्या एनएसडीचं, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, नाव तूच घेतलं होतंस ना? तिथे पदवी लागते, वर नाटकांत काम केल्याचा अनुभवही. एकविसाव्या वर्षी कोर्सला गेलीस तर त्यांनाही तयार मुलगी मिळेल. हा कोर्स तेव्हा बंद पडला असेल तर दुसरा निघालेला असेल.

पैशांचंही सांगून टाकते. मान्यताप्राप्त पदवीला कर्ज मिळतं. खासगी दहा महिन्यांच्या कोर्सची फाइल माझ्या शाखेत मीच पुढे सरकवू शकणार नाही. म्हणजे साडेतीन लाखांसाठी माझी एफडी मोडावी लागेल. तू सगळी चौकशी करूनही कोर्सच घ्यायचा म्हणालीस तर मी मोडेन. बाबांशी मी बोलते, तू नको बोलूस.

फी भरायची शेवटची तारीख २५ आहे ना? २२ला, रविवारी, फोन कर. आणि घरी येशील तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊ नकोस, पुणे-सांगली अर्धी रात्र जागरण होतं.

आणि हो, परवा गच्चीवर तुझी दोरी सापडली. कुणी नव्हतं म्हणून उड्या मारत मारत सा लावून बघितला. तिसऱ्या उडीला श्वास गेला आणि चौथ्या उडीला दोरी पायात. शेजारच्या काकूंनी बघितलं. बाबांना सांगू नकोस.

तुझी,
आई