पाकिटावर नाव असू द्या : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया, सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीत गेली बावीस वर्षं लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. यंत्रमागवाले, शिक्षक, किराणा दुकानदार असा माझा गोतावळा. गेल्या जुलैत त्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाची भर पडली. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात त्याच्या पॅनवर ३६ रुपये टीडीएस दिसत होता, आणि त्या छत्तीस रुपयांनी त्याच्या वडिलांची झोप उडवली होती.

मुलाने फोन पुढे केला. टेलिग्रामवरचा एक गट होता आणि त्यात लाल-सोनेरी पाकिटाचं चित्र. खाली कोड. कोड क्रिप्टोच्या ॲपमध्ये टाकला की पाकीट फुटतं आणि आत किती आहे ते दिसतं: ०.७१ यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं), म्हणजे साठेक रुपये. पाठवणारा एकच रक्कम टाकतो, ती पन्नास-शंभर जणांत कमीजास्त वाटली जाते, जो आधी टिचकी मारेल त्याचं नशीब. पोराने वर्षभरात अशी ६१ पाकिटं फोडली, सगळं मिळून ३,६४० रुपयांना विकलं आणि मोबाइलचं रिचार्ज केलं. विकताना एक टक्का कापला गेला, तेच ते छत्तीस रुपये.

ही चाल मूळची चीनची. तिकडे नववर्षाला लाल लिफाफ्यात पैसे देतात. २०१४ साली वीचॅट या तिथल्या ॲपने तो लिफाफा फोनमध्ये आणला आणि पुढे क्रिप्टोच्या बाजारांनी तो उचलला. गंमत अशी की क्रिप्टोचे व्यवहार चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये बेकायदा ठरवले. चाल तिथली, पाकीट मात्र आमच्या पोरांच्या हातात.

आम्हाला पाकिटाचं नवल नाही. शकुनाचा रुपया चिकटवलेलं आहेराचं पाकीट आमच्या प्रत्येक घराच्या कपाटात पडलेलं असतं. पण लग्नाच्या मांडवात दाराशी कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं, हेही आपण जाणता. नाव, गाव, रक्कम. ज्याचं त्याला कधीतरी परत द्यायचं असतं म्हणून ती वही. माझ्या आईने १९९१ ची वही अजून जपून ठेवली आहे, त्यात "कागल, मामी, ११ रु." असंसुद्धा आहे. फोनवरच्या पाकिटाला ही वहीच नाही, आणि माझं सगळं गाऱ्हाणं तेवढंच आहे.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणात आपण आभासी डिजिटल मालमत्ता, म्हणजे क्रिप्टो नाणी वगैरे, विकून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर जाहीर केलात. अशी मालमत्ता भेट मिळाली तर कर घेणाऱ्याच्या हाती लागेल, हेही सांगितलंत. परक्याकडून वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या भेटीवर कर नाही, हे ठीक. नातेवाइकांकडून कितीही आलं तरी नाही, तेही ठीक. पण कायद्यातलं नातं एकदा मामा-भाच्याला समजावून सांगा. मामाने भाच्याला दिलं तर ते नातेवाईक. तोच भाचा नोकरीला लागून मामाला देऊ लागला, तर कायद्याच्या लेखी परका! मामेभाऊ-आतेभाऊ तर दोन्हीकडून परके, मग भाऊबीज कितीही मनापासून झालेली असो. लग्नातला आहेर माफ, मुंजीतला नाही. असो, ते भांडण आजचं नाही.

आजचं भांडण एका रकान्याचं आहे. विवरणपत्रात या मालमत्तेसाठी वेगळी अनुसूची आहे. ती साध्या एक नंबरच्या फॉर्ममध्ये येत नाही, म्हणून या मुलासाठी दोन नंबरचा फॉर्म काढावा लागला. अनुसूचीत घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख आणि खरेदीची किंमत विचारतात. भेट असेल तर सूचना अशी : तिच्यावर कर भरला असेल तर ती रक्कम लिहा, नाहीतर मागच्या मालकाला पडलेली किंमत लिहा.

मागचा मालक कोण? टेलिग्रामवर वाघाचं चित्र लावलेला कुणीतरी. त्याने ते नाणं कधी, किती रुपयांना घेतलं, हे मी कोणाला विचारू? एकसष्ट पाकिटं, तितके वाघ. शेवटी खरेदीची किंमत शून्य धरली. ३,६४० च्या ३० टक्के म्हणजे १,०९२, वर ४ टक्के उपकर. त्यातून छत्तीस वजा. इतर काहीही उत्पन्न नसलेल्या मुलाने अकराशे रुपये भरले, कारण या कराला मूळ सवलतीची मर्यादा लागत नाही. तो म्हणाला, "काका, एवढं तर पाकिटात पण एका वेळी कधी आलं नाही." वडील काही बोलले नाहीत, फक्त माझी फी विचारली.

कर नको असं मी म्हणत नाही. फुकट आलेल्यावर कर हवाच, असं वडिलांच्या पिढीतले निम्मे लोक म्हणतील आणि मीही त्यातला. पण ज्या प्रश्नाचं उत्तर भरणाऱ्याला मिळूच शकत नाही, तो फॉर्मवर छापू नये.

आणि उत्तर कोणाकडेच नाही असंही नाही. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा व्यवसाय करणाऱ्या सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. ग्राहकाची ओळख तपासणं आणि नोंदी ठेवणं त्यांना बंधनकारक झालं. आपल्याच खात्याच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा काढल्या, पुढे त्यांतल्या काहींनी इथे नोंदणीही केली. म्हणजे वाघाची ओळख त्या ॲपकडे असायला हवी, फक्त पाकीट घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही.

म्हणून एवढंच मागतो. नोंदणीकृत ॲपवर पाकीट फुटलं की घेणाऱ्याला पावती मिळाली पाहिजे. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, तारीख-वेळ आणि त्या क्षणाचा रुपयांतला भाव असावा. पाठवणाऱ्याची खरेदी किंमत खासगी बाब आहे म्हणाल, तर ती ॲपने थेट आयकर खात्याला कळवावी आणि आमच्या रकान्यात भरून यावी, जसं बँकेचं व्याज येतं. लहान रकमांसाठी, समजा वर्षाला पाच हजारांपर्यंत, मिळाल्या दिवसाचा भावच खरेदी किंमत धरावा. यातून पळवाट निघेल हे मला दिसतं. नफ्याची नाणी पाकिटात घालून मित्राकडे पाठवणारे निघतीलच, म्हणून तर मर्यादा पाच हजारांची म्हणतो, पन्नास हजारांची नाही.

नावाचा हट्ट दुसऱ्या कारणासाठीही आहे. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला गेल्या दिवाळीत असंच "भेटपाकीट" आलं. आत आठ हजार दिसत होते, पण उघडायला आधी पाचशे भरा. मग "नेटवर्क शुल्क", मग "कर". कर या शब्दावर त्यांचा विश्वास बसला, कारण आयुष्यभर त्यांच्या पगारातून तो कापला गेला होता. अठरा हजार गेल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला, तोवर तीन दिवस उलटले होते. यूपीआयवर पाच रुपये आले तरी पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव स्क्रीनवर दिसतं. त्याच फोनवरच्या या पाकिटाला ते का नसावं?

१ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे आकडे बदलतात, फॉर्म नव्याने छापावे लागतात. रकाना बदलायला यापेक्षा सोयीची वेळ मिळणार नाही.

आपला,
इचलकरंजीचा एक कर सल्लागार

ता. क. : फी घेतली नाही म्हणून त्या मुलाने काल मलाच एक पाकीट पाठवलं. चोवीस तासांत फोडलं नाही तर ते परत जातं म्हणे. अजून फोडलेलं नाही. फोडलं, तर मागच्या मालकाला पडलेली किंमत त्याला फोन करून विचारावी लागेल.